लगेज टॅग (क्रूझ प्रवास)

लगेज टॅग किंवा सामानाची ओळखपट्टी म्हणजे सामान कोणाचे आहे आणि ते कोठे पोहोचवायचे आहे हे सांगणारी, सामानाला बांधलेली किंवा चिकटवलेली चिठ्ठी होय. प्रवासी आणि त्याचे सामान काही काळ एकमेकांपासून वेगळे होतात, तेव्हा तिची गरज पडते. क्रूझ जहाजाच्या प्रवासात हा वियोग काही तासांचा असतो. मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांच्या स्वाधीन केल्या जातात आणि त्या परस्पर प्रवाशाच्या केबिनच्या दारापर्यंत पोहोचवल्या जातात. या मधल्या वेळात ज्यांच्या हातून बॅग जाते, त्यांपैकी कोणीही तिच्या मालकाला ओळखत नाही. त्यांना फक्त टॅग वाचता येतो.

पूर्वी जहाज कंपन्या असे टॅग टपालाने पाठवत असत. आता अनेक कंपन्या ऑनलाइन नोंदणी पूर्ण झाल्यावर ते संगणकीय फाइलच्या रूपात देतात. प्रवाशाने ते घरी किंवा जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून, घडी घालून बॅगेला बांधायचे असतात. काही कंपन्या मात्र टॅग धक्क्यावरील प्रवेशकक्षातच देतात. या लेखात टॅगची पार्श्वभूमी, त्यावरील माहिती, घरी टॅग तयार करण्याची व बांधण्याची रीत आणि तत्संबंधी घ्यावयाची काळजी यांचा विचार केला आहे.

## संज्ञा

मराठीत 'टॅग' हा शब्द आता रुळला आहे. रेल्वे व टपालाच्या व्यवहारात 'लेबल' हा शब्द अधिक चालतो, तर घरगुती बोलण्यात 'चिठ्ठी' किंवा 'पट्टी' म्हटले जाते. प्रवासाच्या संदर्भात तीन वेगवेगळ्या वस्तूंना हे एकच नाव दिले जात असल्याने घोटाळा होतो, म्हणून त्यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो.

* नावाचा टॅग : बॅगेला कायम बांधलेला, बहुधा कातडी किंवा प्लास्टिकचा. तो मालक कोण हे सांगतो.
* प्रवासाचा टॅग : एका विशिष्ट प्रवासापुरता. तो बॅग कोठे न्यायची हे सांगतो. घरी छापला जाणारा क्रूझचा टॅग या प्रकारात मोडतो.
* पावती : सामान स्वीकारल्याचा पुरावा. ती बॅगेवर नसून प्रवाशाच्या हातात असते.

विमानतळावर दुसरी आणि तिसरी वस्तू एकाच वेळी मिळते. घरी छापलेल्या क्रूझ टॅगला मात्र बहुधा पावती जोडलेली नसते. त्यामुळे टॅग बांधण्यापूर्वी त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवणे उपयोगी पडते.

## पार्श्वभूमी

### पत्र्याच्या ट्रंकेपासून छापील लेबलापर्यंत

मुंबई आणि कोकण यांमधील प्रवास दीर्घकाळ आगबोटींनी होत असे. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीकडे जाई. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि गोणपाटात शिवलेली बोचकी हे त्या काळचे सामान. ट्रंकेच्या झाकणावर तेलरंगाने मालकाचे नाव व गाव रंगवून घेण्याची रीत सर्रास होती. ही एका अर्थी कायमची ओळखपट्टी होती आणि एरवी ती पुरेशीही होती, कारण ट्रंक मालकाबरोबरच चढत असे व त्याच्याबरोबरच उतरत असे.

लांब पल्ल्याच्या परदेशी जहाजांवर एवढ्याने भागत नसे. मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून इंग्लंडला जाणाऱ्या टपाल बोटींचा प्रवास कित्येक दिवसांचा असे आणि सामान जहाजाच्या निरनिराळ्या भागांत ठेवावे लागे. त्यामुळे 'केबिनमध्ये हवे', 'प्रवासात लागेल' आणि 'प्रवासात लागणार नाही' अशा अर्थाची छापील लेबले कंपन्या देत असत. शेवटच्या प्रकारचे सामान थेट तळाशी ठेवले जाई. अटलांटिकवरील काही कंपन्या लेबलावर प्रवाशाच्या आडनावाचे आद्याक्षर ठळक छापत. उतरल्यावर धक्क्यावरील त्या अक्षराच्या फलकाखाली ते सामान मांडले जाई. रंग, अक्षर आणि अंक यांच्या आधारे सामानाची वर्गवारी करण्याची आजची पद्धत या लेबलांतून आलेली आहे.

### सामान वेगळे पाठवण्याची जोखीम

सामान आणि प्रवासी वेगळे झाल्यास काय घडू शकते याचे एक ऐतिहासिक उदाहरण दादरशी संबंधित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून मुंबईस परतले, तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या जहाजाने पाठवलेला होता. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. बाबासाहेब सुखरूप पोहोचले, परंतु विद्यार्थिदशेत जमवलेली ग्रंथसंपदा समुद्रात गेली. पुढे १९३०च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' हे निवासस्थान बांधले. ते त्यांच्या विशाल ग्रंथालयासाठी ओळखले जाते.

या घटनेत लेबलाचा काहीच दोष नव्हता. टॅग सामानाला चुकण्यापासून वाचवतो, नाश पावण्यापासून नव्हे, हाच तिचा बोध होय. जी वस्तू पुन्हा मिळणे शक्य नाही ती टॅग लावूनही दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये, हा नियम म्हणूनच आजही लागू आहे.

### रेल्वे आणि विमान

दोन भागांत फाडता येणारी, एक भाग सामानाला आणि दुसरा प्रवाशाच्या हाती देणारी चिठ्ठी कॅनडातील जॉन मायकेल लायन्स यांनी १८८२ साली पेटंट करून घेतली. रेल्वेसाठी निघालेली ही युक्ती पुढे विमान कंपन्यांनी उचलली. आज विमानाच्या टॅगवरील बारकोडखाली दहा अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिल्या अंकानंतरचे तीन अंक विमान कंपनीचे असतात (उदा. एअर इंडियासाठी ०९८) व शेवटचे सहा अंक त्या बॅगेचे असतात.

टॅगचा संबंध केवळ सोयीशी नाही, सुरक्षिततेशीही आहे. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडन व दिल्लीमार्गे मुंबईला येणारे एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान बॉम्बस्फोटाने अटलांटिक महासागरावर कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्याच्या नावाने बॉम्ब असलेली बॅग चढवली गेली, तो इसम स्वतः विमानात चढलाच नव्हता. यानंतर प्रत्येक बॅगेचा मालक विमानात आहे की नाही याची पडताळणी करण्याचा नियम आंतरराष्ट्रीय प्रवासात दृढ झाला. 'ही बॅग तुमचीच आहे का, तुम्ही स्वतः भरली आहे का' हा प्रश्न म्हणूनच औपचारिक मानू नये. टॅगवर नाव घालणे म्हणजे बॅगेतील वस्तूंची जबाबदारी घेणे होय.

## मुंबईहून होणारे क्रूझ प्रवास

मुंबई बंदरातून क्रूझ प्रवासाला अलीकडच्या दशकात पुन्हा गती आली. इटलीच्या कोस्टा कंपनीच्या जहाजांनी मुंबईहून कोची व मालदीवकडे फेऱ्या केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' या जहाजाने मुंबई–गोवा सेवा सुरू केली. २०१९ मध्ये 'कर्णिका' हे जहाज आले, परंतु करोना साथीच्या काळात ती कंपनी बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. बॅलार्ड पिअर परिसरातील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

याखेरीज सिंगापूर, बार्सिलोना, मायामी अशा बंदरांपर्यंत विमानाने जाऊन तेथून क्रूझ घेणारी मराठी कुटुंबेही बरीच आहेत. त्यांच्या बॅगेवर एकाच प्रवासात पर्यटन कंपनीचा, विमानाचा आणि जहाजाचा असे तीन टॅग येतात. टॅगविषयीचे बहुतेक घोटाळे या गर्दीतून उद्भवतात.

## टॅगवरील माहिती

कंपनीनुसार मांडणी बदलत असली तरी पुढील बाबी बहुधा सर्व टॅगवर असतात : जहाजाचे नाव, प्रवासाची तारीख, प्रवाशाचे नाव, मजला आणि केबिन क्रमांक. काही टॅगवर बारकोड आणि मजल्याचा किंवा विभागाचा रंगही असतो.

केबिन क्रमांक हा टॅगचा गाभा होय. त्याचे पहिले एक किंवा दोन अंक सहसा मजला दाखवतात आणि उरलेले अंक त्या मजल्यावरील खोली. आडनाव आणि आद्याक्षरे यांवर विसंबता येत नाही. एकाच जहाजावर अनेक जोशी, पाटील किंवा सावंत असू शकतात.

मात्र केबिन क्रमांकही एकटा पुरेसा नाही, कारण तोच क्रमांक दुसऱ्या जहाजावरही असतो. दादर स्थानकाचे उदाहरण येथे समर्पक ठरेल. या स्थानकात पश्चिम व मध्य रेल्वेच्या फलाटांना पूर्वी स्वतंत्र क्रमांक होते. त्यामुळे 'फलाट क्रमांक १' म्हणताच कोणत्या रेल्वेचा, हा प्रश्न येई आणि नवख्या प्रवाशाची धावपळ होई. ९ डिसेंबर २०२३ पासून तेथील सर्व फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक देण्यात आले. खूण एकाच जागेकडे बोट दाखवणारी असली तरच ती खूण ठरते. एका धक्क्यावर एकाच दिवशी दोन जहाजे उभी असू शकतात, म्हणून टॅगवर जहाजाचे नाव आणि तारीख केबिन क्रमांकाइतकीच आवश्यक असते.

नाव पारपत्रावर जसे आहे त्याच वर्णलेखनात व रोमन लिपीत असावे. मराठी नावांत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. नोंदणी करताना यांतील एखादा भाग गाळला गेल्यास टॅगवरील नाव आणि पारपत्रावरील नाव यांत फरक पडतो. ही दुरुस्ती हाताने टॅगवर न करता कंपनीच्या नोंदीत करून घ्यावी व टॅग पुन्हा छापावा.

अंक हाताने लिहावे लागल्यास देवनागरीत लिहू नयेत. जहाजावरील कर्मचारी निरनिराळ्या देशांतले असतात. देवनागरी एकाचा आकडा त्यांना रोमन लिपीत वापरल्या जाणाऱ्या नवाच्या आकड्यासारखा दिसतो आणि देवनागरी पाचाचा आकडा चाराच्या आकड्यासारखा. असा गैरसमज झाल्यास बॅग दुसऱ्याच मजल्यावर जाण्याचा संभव असतो.

## टॅग तयार करण्याची पद्धत

### छपाई

टॅगची फाइल ऑनलाइन नोंदणी पूर्ण झाल्यावर व केबिन क्रमांक निश्चित झाल्यावरच छापावी. केबिन नंतर बदलून मिळाल्यास आधी छापलेले टॅग फाडून टाकावेत, कारण जुना टॅग चुकून बांधला गेल्यास बॅग पहिल्या केबिनकडे जाते. प्रत्येक मोठ्या बॅगेसाठी एक आणि शिवाय एक-दोन जादा प्रती घ्याव्यात.

छपाईविषयी तीन बाबी महत्त्वाच्या आहेत.

* रंग : टॅगवर मजल्याचा रंग असेल तर रंगीत छपाई करावी. हमाल प्रथम रंग पाहतो आणि मग आकडे वाचतो. कृष्णधवल टॅग बाद होत नाही, परंतु वर्गवारीस वेळ लागतो.
* कागदाचा आकार : अमेरिकी कंपन्यांच्या फाइल तेथील 'लेटर' आकाराच्या (२१६ × २७९ मि.मी.) कागदासाठी आखलेल्या असू शकतात. आपल्याकडील ए-४ कागद २१० × २९७ मि.मी. असतो, म्हणजे रुंदीला ६ मि.मी. कमी. मूळ आकारात छापल्यास बाजूचा मजकूर कापला जाण्याची शक्यता असते. अशा वेळी 'कागदात बसेल असे' हा पर्याय निवडावा आणि बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा शिल्लक आहे ना हे पाहावे. ती जागा नसेल तर यंत्राला बारकोड वाचता येत नाही.
* शाई : घरगुती इंकजेट छपाईयंत्रांतील रंगशाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. लेझर छपाईयंत्रातील व झेरॉक्स यंत्रातील टोनर ही मुळात प्लास्टिकची बारीक भुकटी असून ती उष्णतेने कागदावर वितळवली जाते, त्यामुळे ती ओलाव्याने पसरत नाही. समुद्रकाठची दमट हवा लक्षात घेता दुकानातील लेझर छपाई अधिक भरवशाची ठरते. संशय असल्यास जादा प्रतीवर ओले बोट फिरवून पाहावे.

### घडी व संरक्षण

टॅगवर बहुधा तुटक रेषा छापलेल्या असतात. त्या रेषांवर पान उभे दुमडत नेले की तीन-चार पदरांची लांब, टणक पट्टी तयार होते. एकेरी कागद हिसक्याने फाटतो, दुमडलेला टिकतो. छापील मजकूर दोन्ही बाजूंनी दिसेल अशी घडी घालावी, म्हणजे बॅग कोणत्याही कुशीवर पडली तरी टॅग वाचता येतो.

काही टॅग कापून पारदर्शक पाकिटात घालण्यासाठी असतात. असे पाकीट मिळाले नाही तर दोन सोपे उपाय आहेत. पट्टीवर रुंद सेलोटेप लावता येते, मात्र बारकोडवर सुरकुती किंवा हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दुसरा उपाय लॅमिनेशनचा. लॅमिनेशन केलेली पट्टी कडेने दुमडत नाही, म्हणून तिला कडेपासून थोड्या अंतरावर भोक पाडून दोरी ओवावी लागते. भोक अगदी कडेला पडल्यास तेथूनच ती चिरते.

## टॅग बांधण्याची पद्धत

टॅग बांधण्यापूर्वी बॅगेवरील सर्व जुने टॅग व बारकोडच्या लहान चिकटपट्ट्या काढून टाकाव्यात. मागच्या प्रवासाचा टॅग आठवण म्हणून ठेवण्याची अनेकांना हौस असते, परंतु यंत्र जो बारकोड प्रथम दिसेल तो वाचते.

पट्टी बॅगेच्या स्थिर हँडलमधून ओवावी. चाकांच्या बॅगेची वर ओढली जाणारी दांडी त्यासाठी वापरू नये, कारण दांडी आत ढकलताना पट्टी दुमडून फाटते. दोन्ही टोके एकमेकांवर आणून स्टेपलरच्या दोन-तीन पिना माराव्यात. पीन बारकोडमधून किंवा केबिन क्रमांकावरून जाऊ देऊ नये. पिनांची टोके आत नीट वळली आहेत का ते पाहावे, नाहीतर उचलणाऱ्याच्या हाताला इजा होते. पिनांवरून सेलोटेपचा एक वेढा दिल्यास दोन्ही कामे होतात.

सुतळी वापरायची असल्यास ती आखूड ठेवावी. लांब लोंबणारा टॅग सरकत्या पट्ट्याच्या फटीत अडकतो. प्लास्टिकचा झिप टाय सर्वांत पक्का असतो, पण तो सोडवण्यासाठी कात्री लागते आणि कात्री हातातील पिशवीत नेता येईलच असे नाही.

केव्हा बांधावा, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मुंबईहूनच निघणाऱ्या प्रवाशाने घरी टॅग बांधण्यास हरकत नाही. मात्र दादरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे सुमारे ९ किलोमीटरचे अंतर गर्दीतून जायचे असेल, तर कागदी टॅग वाटेत फाटू शकतो. तो टॅक्सीतून उतरण्यापूर्वी किंवा धक्क्यावर पोहोचल्यावर बांधावा आणि त्यासाठी लहान स्टेपलर जवळ बाळगावा. विमानाने परदेशी बंदरात जाणाऱ्यांनी जहाजाचा टॅग विमान उतरल्यानंतरच बांधावा.

## धक्का ते केबिन

धक्क्यावर पोहोचल्यावर हमाल टॅग तपासून मोठ्या बॅगा ताब्यात घेतो. पुढे त्यांची क्ष-किरण तपासणी होते, मजल्यानुसार पिंजऱ्याच्या गाड्यांत वर्गवारी होते आणि त्या जहाजावर चढवल्या जातात. मजल्यावरील कर्मचारी त्या केबिनच्या दाराशी ठेवतो. या सर्व क्रमाला काही तास लागतात. दुपारी चढलेल्या प्रवाशाची बॅग संध्याकाळी किंवा त्याहूनही उशिरा येऊ शकते. ती लगेच आली नाही म्हणजे हरवली असे नसते.

म्हणून पुढील वस्तू टॅग लावलेल्या बॅगेत न ठेवता हातातील पिशवीत ठेवाव्यात : पारपत्र व ओळखपत्र, प्रवासाची कागदपत्रे, पैसे व दागिने, चष्मा, मोबाइलचा चार्जर आणि किमान दोन दिवस पुरतील एवढी औषधे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या प्रवाशांच्या बाबतीत शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. इन्सुलिन कोणत्याही परिस्थितीत सोपवलेल्या बॅगेत असू नये.

क्ष-किरण तपासणीत निषिद्ध वस्तू आढळल्यास बॅग बाजूला काढली जाते. इस्त्री, पाण्याची विजेची किटली, मेणबत्त्या आणि तत्सम आगीचा धोका असलेल्या वस्तूंवर बहुतेक जहाजांवर बंदी असते. चहासाठी किटली बरोबर घेण्याची सवय अनेक भारतीय कुटुंबांना असल्याने बॅग अडकण्याचे हे एक नेहमीचे कारण होय. अशी बॅग सुरक्षा कक्षात राहते आणि टॅगवरील केबिन क्रमांकावरून मालकाला बोलावले जाते. टॅग फाटलेला असेल तर बोलावणार कोणाला, हा प्रश्न उरतो. यासाठी नाव, केबिन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली दुसरी चिठ्ठी बॅगेच्या आत, उघडताच दिसेल अशी ठेवावी.

## परतीचे टॅग

उतरण्यासाठी वेगळे टॅग असतात आणि ते जहाजावरच मिळतात. शेवटच्या रात्री ठरलेल्या वेळेपूर्वी बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. परतीच्या टॅगवर केबिन क्रमांकाऐवजी रंग किंवा गटाचा क्रमांक मुख्य असतो. सकाळी त्या गटाची घोषणा झाल्यावर प्रवासी उतरतात व धक्क्यावरील त्याच रंगाच्या विभागातून बॅग घेतात. चढतानाचा टॅग या वेळी काढून टाकावा.

या रात्री होणारी एक चूक अनेकांना गैरसोयीची ठरते. सर्व कपडे बॅगेत भरून ती बाहेर ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे, चपला किंवा सकाळची औषधेही तिच्याबरोबर जातात. बॅग एकदा गेली की ती धक्क्यावरच भेटते.

## खासगीपणा

टॅग वाचणारा प्रत्येक जण प्रवाशाच्या ओळखीचा नसतो. बॅगेवर घराचा पूर्ण पत्ता लिहिल्यास 'या घरातील माणसे सध्या बाहेरगावी आहेत' हेही त्यातून कळते. ट्रंकेवर नाव-गाव रंगवण्याच्या काळात ही भीती नव्हती. आता बाहेरच्या टॅगवर नाव आणि मोबाइल क्रमांक एवढेच असावे व पत्ता द्यायचाच असेल तर तो बॅगेच्या आत ठेवावा. पारपत्राचा किंवा आधारचा क्रमांक टॅगवर कधीही लिहू नये. बारकोड दिसेल अशी टॅगची छायाचित्रे प्रवासापूर्वी समाजमाध्यमांवर टाकणेही टाळावे.

## डबेवाल्यांच्या खुणांशी साम्य

कमीत कमी माहितीत सामान अचूक पोहोचवण्याचे मुंबईतील सर्वांत परिचित उदाहरण डबेवाल्यांचे आहे. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० साली ही सेवा संघटित केली असे मानले जाते. डब्याच्या झाकणावर रंगाने अक्षरे व अंक काढलेले असतात. डबा कोणत्या स्थानकाच्या परिसरातून आला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, पुढे कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर द्यायचा, एवढेच त्यातून कळते. ग्राहकाचे नाव किंवा घरचा पत्ता त्यावर नसतो. एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक जण खुणेतील आपल्यापुरता भाग वाचून तो पुढे देतो.

क्रूझचा टॅगही याच तत्त्वावर चालतो. धक्क्यावरचा हमाल जहाजाचे नाव पाहतो, गाडी भरणारा मजल्याचा रंग पाहतो आणि शेवटचा कर्मचारी केबिन क्रमांक. फरक असा की, डब्यावरील खूण डबेवाला स्वतः रंगवतो, तर घरी छापलेल्या टॅगमध्ये साखळीतील पहिला दुवा प्रवासी स्वतः असतो. छपाई पुसट असेल, घडीत आकडा दडला असेल किंवा पीन सुटली असेल, तर पुढच्या कोणालाही ती उणीव भरून काढता येत नाही.

## हे सुद्धा पहा

* मुंबई बंदर
* बॅलार्ड पिअर
* दादर रेल्वे स्थानक
* राजगृह
* मुंबईचे डबेवाले
* बारकोड